बारावं कडवं

आकारामनं आयुष्यात धाडसाची कामं तीनच केली. आंबा घाटाच्या उतरणीवर बैल बुजले, तेव्हा चाकाखाली दगड सारायला तो स्वतः गाडीखाली घुसला. बापाचा विरोध असताना त्यानं दुसरी बैलगाडी घेतली. आणि पोराच्या बारशादिवशी सकाळी मौलालीला हाक मारून तो म्हणाला, "गाडी जुप. मिशनच्या आवारात जा आणि आक्काला घेऊन ये."

पहिल्या दोन कामांना छाती लागली होती. तिसऱ्याला बायको लागली.

बाळंतिणीच्या खोलीत धोंडुबाई बारा दिवस एकच गोष्ट बोलत होती. तिची तीन लेकरं वर्षाची व्हायच्या आत गेली होती. तिन्ही वेळा नाव ठेवलं होतं चुलत आत्यानं, हंबीरकाकांच्या अंबूनं. सख्खी आत्या जिवंत होती, तीन कोसांवरसुद्धा नव्हती, याच कोल्हापुरात होती. पण ती ख्रिस्ती झालेली, म्हणून तिला कुणी बोलावलं नव्हतं.

"मानाची बाई दारात आली न्हाय म्हणून माझं पाळणं मोकळं झालं," धोंडुबाई म्हणाली. "आता वन्सं आल्याबिगर पोर पाळण्यात घालायची न्हाय. माझ्या मांडीवर वाढंल की त्ये."

"काका ऐकायचं न्हाईत गं."

"तीन लेकरं पुराया तुम्ही गेलतासा. काका गेलतं व्हय?"

आकाराम उठून अंगणात आला आणि त्यानं मौलालीला हाक मारली.

मौलाली या घराच्या गाड्या बावीस वर्षं हाकत होता. कोल्हापुरातून गूळ भरायचा, मलकापूरला उतरवायचा, शाहूवाडीकडचा तांदूळ भरून परत यायचं. आकारामच्या या बहिणीला, चिमणाबाईला, त्यानं परकरात पाहिली होती. तेव्हा ती गाडीच्या मागच्या फळीवर पाय सोडून बसायची आणि गायची, आणि बाप पिराजी ओरडायचा की, गप बस, बैल थांबत्यात. बैल खरंच थांबायचे. मौलाली ते कुणालाही शपथेवर सांगायला तयार असे.

मिशनच्या आवारात ती पांढऱ्या लुगड्यात ओट्यावर बसली होती, एकतारीची तार बदलत. छत्तिशीची बाई, कपाळ मोकळं, आवाज मात्र अजून परकरातला.

"कुणी बोलावलंय? आकारामनं, का धोंडुबाईनं?"

"दोघांनीबी. निम्मं निम्मं."

"आणि काकांनी?"

मौलाली बैलाच्या गळ्यातलं जोतं उगाच घट्ट करू लागला. चिमणाबाई हसली, एकतारी भिंतीला टेकवली आणि गाडीत चढली.

वाटेत मौलालीच्या डोक्यात जुनं सगळं येऊन गेलं. तेरा वर्षांमागं, प्लेगाच्या साली, सगळं गाव रानात झोपड्या घालून राहिलं होतं. चिमणाबाईचा नवरा त्यातच गेला, तिच्या काखेत गाठ आली, आणि सासरच्यांनी झोपडीचं दार बाहेरून बांधून घेतलं. माहेरचं कुणी गेलं नाही. कुणाच्यात हिंमत नव्हती, त्याच्यातही नव्हती, आणि ते त्याला अजून लागतं. मिशनच्या मडमबाईनं दार सोडलं आणि तिला खाटेवर घालून नेली. ती जगली. दोन वर्षांनी तिनं बाप्तिस्मा घेतला, तेव्हा पिराजीनं घरातलं तिचं जेवणाचं ताट नेऊन पंचगंगेत टाकलं.

मग ती प्रभूची गाणी गाऊ लागली. मलकापूरच्या बाजारात पहिल्या दिवशी कुणीतरी तिला शेणाचा गोळा मारला. तिनं तो उचलून बाजूला ठेवला, म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, बसायची जागा सारवाया हुईल," आणि पुढचं कडवं घेतलं. लोक हसले, आणि हसलेला माणूस उठून जात नाही. पुढच्या बाजारी बायका दीडपट झाल्या. तिसऱ्या वर्षी चिमणाबाई येणार म्हटलं की बांगडीवाले आपली दुकानं तिच्या कडेला मांडू लागले. एकदा शहरातला एक नावाजलेला गवई आवाराच्या फाटकाबाहेर, धुळीत, धोतर सावरून तासभर ऐकत बसला होता. आत बोलावलं तर म्हणाला, आत आलो तर लोक नावं ठेवतील, आणि उठून गेलो तर माझे कान नावं ठेवतील.

"चिमणाक्का," मौलाली म्हणाला, "माझा देव निराळा, तुझा निराळा. पर रस्त्यानं तुझं गाणं असलं की कोस सरलेलं कळत न्हाईत बघ. कुठल्याबी गावात शिरलं की कुणीतरी बाई तुझंच म्हणत असतीया."

"माझं म्हणून म्हणत्यात व्हय? येतंय म्हणून म्हणत्यात." मग थोडं थांबून ती म्हणाली, "मौलालीदादा, एक हाय. बाप्तिस्म्याच्या पाण्यातनं वर आले त्या दिशी मी कबूल केलंय, ह्यो गळा प्रभूचा. दुसऱ्या कुणाचं नाव मी गाणार न्हाय. आता पाळणा म्हणा म्हटलं, तर काय करू?"

"मग कशाला आलीस?"

"लेकरू बघाया," ती म्हणाली. "तीन बघितली न्हाईत."

मौलालीनं गाडी पेठेकडं वळवली.

शिवाजी पेठेतल्या त्या घराच्या पुढच्या सोप्यावर हंबीरराव घोंगडं टाकून बसले होते. कुस्तीत मोडलेले कान, पांढऱ्या भुवया, मांडीवर दोन्ही पंजे. वाड्यावस्त्यांत त्यांना लोक दबून असत, पण माणूस वाईट नव्हता. एकवचनी होता, आणि एकवचनी माणसाइतका त्रास वाईट माणूसही देत नाही. दोन वर्षांमागं थोरला भाऊ पिराजी अखेरच्या दुखण्यात होता. त्यानं यांचं मनगट धरून सांगितलं होतं, "हंबीर, ती उंबऱ्याच्या आत यायची न्हाय. मी असो, नसो." हंबीररावांनी थोरल्या भावाचा शब्द जन्मात मोडला नव्हता. आता तर तो शब्द मागं घ्यायला भाऊच नव्हता.

"आलीस व्हय?"

"बोलावलं म्हणून आले, काका."

"मी न्हाय बोलावलं."

"पोरानं बोलावलं."

"बारा दिसाच्या पोराला तोंड कुठलं?"

"तोंड नसंना. आत्या हाय की त्येला."

सोप्यावर बसलेल्या भावकीतल्या दोघातिघांनी खाली बघून मिशा पुसल्या. हंबीरराव मात्र हसले नाहीत.

"हे बघ चिमणे. इथं सोप्यावर बस. गाणं ऐक, घुगऱ्या खा, मौलाली पोचवंल. उंबरा वलांडायचा न्हाय, आणि तोंडातनं सूर काढायचा न्हाय. तू आत गेलीस तर आपल्या पंधरा घरांतलं एक माणूस ह्या घरच्या घुगरीचा दाणा तोंडात घालायचं न्हाय. पोराच्या नावानं वाळीत पडायचं असंल तर आकारामनं सांगावं."

आकारामनं तोंड उघडलं. आतून दरवाज्याच्या फटीतून धोंडुबाईचे डोळे त्याच्यावर होते, इकडून काकांचे. चिमणाबाईनं त्याच्या दंडावर हात ठेवला.

"ऱ्हाऊ दे. पहिल्या लेकराच्या बारशाला मी न बोलावता आलते आणि समोरच्या गाडीतळावरनंच परत गेलते. आता सोप्यापातूर आले. चढती कमान म्हणायची."

तिनं ते हसत म्हटलं. आकारामला मात्र तोंड धुवायच्या निमित्तानं रांजणापाशी जावं लागलं. आपण तेव्हा तिला बघितलं होतं आणि खिडकी लावून घेतली होती, हे तिला ठाऊक आहे की नाही, हे त्यानं आजवर विचारलं नव्हतं.

परत येऊन त्यानं एवढंच विचारलं, "काका, नाव तरी आबांचं ठेवूया की."

"नाव दगडू ठरलंय. अंबूला सांगितलंय मी. दगडाला कोण उचलून नेत न्हाय."

"पर आजाचं नाव नातवाला..."

"गप!" हंबीररावांचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. "दादाचं नाव ठेवायचं, आणि ह्येबी पोर गेलं म्हंजे? मी दादाला दोनदा पोचवायचा न्हाय."

आकाराम बहिणीशेजारी येऊन बसला.

आतल्या खोलीत पाळणा टांगला होता आणि रिकामा होता. धोंडुबाईनं पोर मांडीवर असं धरलं होतं, की त्याला सोडवायला आधी तिला उचलावी लागली असती. भोवती भावकीतल्या पंधरावीस बायका. हंबीररावांची बायको हौसाक्का सगळ्यांत थोरली, आणि तिच्याशेजारी अंबू, तोंड पांढरं पडलेली.

अंबूकडे कुणी बघत नसे, हेच तिचं दुःख होतं. तिनं नावं ठेवलेली तीन लेकरं गेली, तेव्हापासून भावकीतल्या पोटुशा बायका तिला बघून वाट बदलत. समोर कुणी बोलत नसे. मागच्या संक्रांतीला एका लहान सुनेनं तिच्या हातचा तिळगूळ घेतला आणि तिच्यादेखत गाईला घातला.

"आई, माझा हात नगो लावूस ह्या पाळण्याला," ती हळूच म्हणाली.

"तुझ्या बानं सांगितलंय."

"बानं सांगितलं, पर बायका मला बोल लावत्यात."

हौसाक्का पदर खोचून म्हणाली, "आधी गाणं तरी लावा गं. नावाचं नावाच्या येळेला बघू."

धोंडुबाईची बहीण मलकापूरहून आली होती. ती म्हणाली, आमच्याकडचा पाळणा म्हणते, आणि तिनं सुरुवात केली:

पहिल्या दिसाला गोठ्याचा निवारा,
बैलांच्या श्वासाचा लागला उबारा,
गव्हाणीत निजवा राजाच्या कुमारा,
जो बाळा जो जो रे जो.

दुसऱ्या ओळीला दोघी मिसळल्या, चौथीला सगळ्या. शाहूवाडीकडून पेठेत नांदायला आलेल्या सुनांनी तो पाळणा कधीच रुखवतासारखा बरोबर आणला होता, आणि गाडीवानांच्या घरात बैलाच्या उबेचं गाणं कुणाला आवडणार नाही?

सोप्यावर चिमणाबाईचे हात मांडीवरच थिजले.

मौलालीनं अंगणातून मान वर केली. आकारामनं बहिणीकडे बघितलं. त्यानं हे गाणं मलकापूरच्या बाजारात, गुळाच्या ढेपांआड उभं राहून, तिच्याच तोंडून ऐकलं होतं. तो काही बोलणार, तोच तिनं त्याचा हात दाबला.

तिसऱ्या दिसाला धनगर आले,
घोंगडं काढून बाळाला दिले,
नाव न पुसता पाया पडले,
जो बाळा जो जो रे जो.

हंबीरराव गुडघ्यावर ताल धरू लागले. त्यांचं तोंड आज पहिल्यांदा सैल झालं. "ऐक, चिमणे," ते म्हणाले. "ह्येला म्हंत्यात गाणं. आपल्या आज्यापणज्यांचं हाय. बाटून गेलेल्यांस्नी असलं कुठनं यायचं?"

"व्हय की काका," चिमणाबाई म्हणाली. "लई जुनं दिसतंय."

मौलालीला खोकल्याची उबळ आली आणि तो बैलाच्या आड गेला.

चिमणाबाईला राग आला नाही. खरं सांगायचं तर तिला इतका आनंद झाला, की तो लपवायला तिनं पदर तोंडाशी धरला. हा पाळणा तिनं नऊ रात्री जागून जुळवला होता. बाजारात येशूचं नाव आधी घेतलं की बायका पाट्या उचलून चालू लागत, म्हणून तिनं नाव शेवटी ठेवलं होतं, बाराव्या कडव्याच्याही नंतर. आणि बारावं कडवं तिनं बाजारासाठी केलंच नव्हतं. ते गाडीतळावरून परत गेली त्या दिवशीचं होतं. तिला ज्या घरात यायला बंदी, त्या घरात तिचं गाणं कधीचं येऊन बसलं होतं, पाय धुऊन, पाटावर.

आत पाळण्याचं एकेक कडवं सरत होतं. आणि मग बारावं आलं:

बाराव्या दिसाला बारसं मांडलं,
आत्याचं पाऊल दारात थांबलं,
आत या बाई हो, नाव काय ठेवलं?

इथं बायका थांबतात. मलकापूरकडची रीतच तशी पडली होती: या ओळीला आत्यानं पुढं व्हायचं, पाळण्याला हात लावायचा आणि नाव सांगायचं. सगळ्या अंबूकडे वळल्या. आज पहिल्यांदा सगळ्या एकदम तिच्याकडे बघत होत्या.

अंबू उठली. दोन पावलं आली. पोराकडे बघितलं, आणि मागं सरली.

"म्हण की गं," कुणीतरी म्हणालं.

"मी न्हाय म्हणायची." अंबू रडू लागली. "आत्या दारात थांबलीया. तुमचंच गाणं सांगतंय. मग तिला बोलवा की!"

धोंडुबाईनं हौसाक्काकडे बघितलं, आणि तीन लेकरं गेलेल्या बाईनं असं बघितलं की समोरच्यानं काहीतरी करावंच लागतं.

हौसाक्का उठली आणि सरळ सोप्यावर आली. भावकीतले पुरुष सावरून बसले. बाईमाणूस असं भर सोप्यावर येत नसे.

"चल गं चिमणे, आत. तुझं कडवं अडलंय."

"हौसा!" हंबीरराव ओरडले. "तिचं कडवं कसलं?"

"तिचंच हाय. सगळा पाळणाच तिचा हाय. चार वर्सांमागं माहेरास्नं येताना मलकापूरच्या बाजारात डोईवरनं पदर घेऊन शेवटपातूर ऐकलाय मी. शेवटाला त्येंच्या देवाचं नाव येतंय, त्येबी ऐकलंय."

"तुला ठावं हुतं? आणि तू माझ्या घरात..."

"गोड लागलं. तुम्हास्नी सांगितलं असतं, तर गोड ऱ्हायलं असतं व्हय?"

हंबीररावांनी आपल्या गुडघ्याकडे बघितलं. पंजा अजून तालावर होता. त्यांनी तो उचलून बाजूला ठेवला, दुसऱ्या कुणाचा असावा तसा.

"दादाचा शब्द हाय," ते म्हणाले, पण आवाजात मघाचा जोर नव्हता.

"दादांचा शब्द तुम्ही दोन वर्सं पाळलासा. माझ्या लेकीनं तीन पाळण्यांचा बोल सोसला. आता पुरं." हौसाक्कानं चिमणाबाईचा हात धरला. "घुगऱ्या कोण खायचं न्हाय म्हणतासा न्हवं? पंधरा घरांत चुलीम्होरं कोण बसतंय, त्ये आधी इचारा."

चिमणाबाई उठली, पण उंबऱ्याशी थांबली. "काकू, पुढचं कडवं मी म्हटलं तर त्याच्यात नाव माझ्या प्रभूचंच येणार. त्ये मला बदलता येत न्हाय. आधी सांगते."

"तुझ्या देवाचं नाव तू गाण्यात घे. आमच्या लेकराचं नाव लेकराच्या कानात ठेव. दोन्हीला जागा हाय." असं म्हणून हौसाक्कानं तिला आत ओढली.

धोंडुबाईनं बारा दिवसांत पहिल्यांदा पोर दुसऱ्याच्या हातात दिलं. चिमणाबाईनं त्याला पाळण्यात ठेवलं, अंबूला जवळ ओढून दोरीचं एक टोक तिच्या मुठीत दिलं आणि डोळे मिटले.

त्या घरातल्या भिंतींनी तो आवाज चौदा-पंधरा वर्षांत ऐकला नव्हता. आकाराम सोप्यावर खांबाला धरून उभा राहिला आणि सरळ रडला, कुणाला लाजला नाही. मौलालीचे बैल कडबा चघळायचे थांबले. हे मौलाली सांगतो, आणि या बाबतीत त्याच्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

नाव याचं येशू, गरिबाचा थारा,
उंबऱ्याबाहेरच्यांचा एकच आसरा,
जो बाळा जो जो रे जो.

एकही बाई उठली नाही. दोघीतिघींच्या हातात घुगऱ्यांच्या वाट्या होत्या, त्या कुणी खाली ठेवल्या नाहीत. येशूच्या नावाची ओळ सगळ्यांनी परत एकदा घेतली, चालीच्या ओघात, आणि काय म्हटलं ते म्हणून झाल्यावर एकमेकींकडे बघू लागल्या.

मग चिमणाबाई वाकली आणि पोराच्या कानात काहीतरी बोलली. धोंडुबाई जवळ होती, तिला ऐकू आलं. तिनं डोईवरचा पदर पुढं ओढला, कारण ते नाव सासऱ्याचं होतं आणि सुनेनं ते उच्चारायचं नसतं.

"वन्सं," ती घाबरून म्हणाली, "लई मोठं हाय. पेलंल व्हय ह्येला?"

"पेलंल. आपून खालनं धरायचं."

पोराला घेऊन चिमणाबाई बाहेर आली. हंबीरराव भिंतीकडे तोंड करून बसले होते.

"काका, दगडू ठेवलं न्हाय. पिराजी ठेवलंय."

ते झटकन वळले. तोंडावर राग होता की भीती, ते आकारामलाही ओळखता आलं नाही.

"आबांनीच मला भाईर काढलं," चिमणाबाई म्हणाली. "तुमी त्यांचा शब्द पाळतासा, त्येबी बरोबर हाय. मग आता त्यांनाच इचारा. मी बसू, का जाऊ?"

आणि तिनं पोर त्यांच्या हातांत ठेवलं.

त्या हातांनी कोल्हापुरातले चांगले चांगले पैलवान चीत केले होते. आता त्याच हातांनी हंबीररावांनी पोर छातीशी धरलं. पोरानं डोळे उघडले. हंबीरराव धाकटे भाऊ. ते नाव त्यांनी जन्मात तोंडानं घेतलं नव्हतं आणि आताही घेता येईना.

"दादा," ते म्हणाले. "आता जगायचं बरं का, दादा."

पोरानं ओठ हलवले, दुधासाठी असतील. हंबीररावांनी आपला मोडका कान त्याच्या तोंडाशी नेला आणि बराच वेळ तसाच धरला.

"काय म्हणत्यात?" हौसाक्कानं दारातून विचारलं.

हंबीररावांनी मान वर केली.

"म्हणतोय," ते म्हणाले, "माझ्या लेकीला पाट मांडा."